उतरवण्याचं यंत्र

इंग्लंडमधल्या जुन्या वस्तीतून चालताना पबसमोरच्या फूटपाथवर एक चौकोनी झडप हमखास दिसते. दोन पल्ल्यांची, लाकडी नाहीतर लोखंडी, कडेने पट्टी ठोकलेली. तिच्यावरून दिवसभर माणसं जातात, बाबागाड्या जातात, पावसाचं पाणी वाहतं. बिअरची गाडी येते तेव्हा ती झडप उघडते. मग भोवती लोखंडी कठडे लागतात आणि खालून थंड, ओलसर, आंबूस वास वर येतो. खाली तळघर असतं.

माझं पोट या झडपांखाली भरतं, निदान अर्धंमुर्धं तरी. मी उचल-यंत्रांची तपासणी करतो. क्रेन, गोदामातल्या लिफ्ट, गॅरेजमध्ये गाडी वर उचलणारे खांब, असं बरंच काही वर्षभर डोळ्यांखालून जातं. त्यात जीव रमतो तो पबच्या तळघरातल्या हॉइस्टपाशी. रस्त्यावरून पिंप खाली घ्यायचं आणि रिकामं झालं की वर पाठवायचं, एवढंच त्याचं काम. दोन उभे रूळ, एक साखळी, एक मोटर, पिंप टेकवायला एक फळी. बघायला येणाऱ्याला दोन मिनिटांत कंटाळा येईल. मला मात्र त्यात शतकांचा विचार साठलेला दिसतो, आणि तो आपल्या वाचकांना सांगावासा वाटतो.

आधी पिंप खाली का जातं ते सांगायला हवं. इंग्लंडची पारंपरिक पिंपातली बिअर जिवंत असते. तिच्यातलं यीस्ट पबमध्ये आल्यावरही काम करत असतं. तिला साधारण ११ ते १३ अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि जमिनीखाली ते उन्हाळ्या-हिवाळ्यात फारसं हलत नाही. यंत्राने थंड करायची सोय नव्हती तेव्हा तळघर हाच फ्रिज होता. पिंप आलं की ते आडवं ठेवून एक-दोन दिवस निवळू द्यायचं, म्हणजे गाळ तळाला बसतो. उतरवताना दणका बसला तर निवळायला आणखी वेळ. त्यामुळे हलक्या हाताने उतरवण्याचा संबंध माणसाच्या पाठीशी आहे तितकाच पेल्यातल्या बिअरशीही आहे.

मग ती बिअर वर कशी येते? जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९७ साली बिअर ओढण्याच्या हातपंपाचं पेटंट घेतलं. बारवर उभ्या दांड्या असतात, त्या ओढल्या की खालच्या पिंपातली बिअर नळीतून वर चढते. त्याआधी पोऱ्याने भांडं घेऊन जिना उतरायचा आणि चढायचा. याच ब्रामाने दोन वर्षं आधी, १७९५ साली, पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं होतं. छोट्या दट्ट्यावर थोडा जोर लावायचा आणि मोठ्या दट्ट्याकडून प्रचंड जोर मिळवायचा. पुढे मोठमोठे माल-लिफ्ट याच तत्त्वावर उभे राहिले. बिअर वर आणणारा आणि पिंपं खाली नेणाऱ्या यंत्रांचा पाया घालणारा माणूस एकच, हे मला कळलं तेव्हा मी फार खूश झालो होतो.

आता वजनं. फर्किन नावाचं पिंप ९ गॅलनचं, म्हणजे ४१ लिटरचं. त्यातून ७२ पाइंट, म्हणजे पबमधले मोठे पेले, निघतात. किल्डरकिन त्याच्या दुप्पट, १८ गॅलन. बॅरल ३६ गॅलन, जवळजवळ १६४ लिटर. आणि हॉग्जहेड ५४ गॅलन. हिंदुस्थानात गोऱ्या साहेबांसाठी जी पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, जहाजाने यायची ती अशा हॉग्जहेडांतून. भरलेलं लाकडी बॅरल २०० किलोच्या वर जातं. आज पबमध्ये बहुधा फर्किन येतात, आणि पोलादी केग येतात ५० लिटरचे. भरलेलं फर्किन पन्नास किलोहून जास्त, भरलेला केग साठहून जास्त. दिवसभर अशी पिंपं उतरवणाऱ्या माणसांना ड्रेमन म्हणतात. ड्रे म्हणजे बिअरची गाडी. ती पूर्वी घोड्यांची होती. लंडनच्या वॉन्ड्सवर्थमध्ये यंग्ज कंपनीची रॅम ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, २००६ साली बंद होईपर्यंत आसपासच्या पबना घोडागाडीनेच बिअर पोचवत होती.

हॉइस्ट नसलेल्या पबमध्ये ड्रेमन कसे काम करतात ते एकदा तरी उभं राहून बघावं. झडपेतून तळघराच्या फरशीपर्यंत दोन दांड्यांची तिरपी घसरण लावलेली असते. खाली काथ्या-कापडाची जाड गादी टाकलेली. वरचा पिंप सोडतो, खालचा झेलतो. छोट्या पिंपांना एवढं पुरतं. मोठ्या लाकडी बॅरलसाठी मात्र जुनी आणि फार हुशार युक्ती आहे. तिचं नाव पारबकल. दोराचं एक टोक वर पक्कं बांधायचं, दोर पिंपाच्या पोटाखालून घ्यायचा आणि दुसरं टोक परत वर आपल्या हातात. असे दोन दोर, पिंपाच्या दोन्ही बाजूंना एकेक. आता पिंप त्या दोरांच्या झोळीत गडगडत खाली जातं. पिंप एक फूट उतरलं की हातातून दोन फूट दोर जातो, म्हणून हातावर भार निम्माच येतो. पिंप स्वतःच कप्पी झालेलं असतं.

हिशेब करून बघा. २०० किलोचं बॅरल पंचेचाळीस अंशांच्या उतारावर ठेवलं तर उताराच्या दिशेने ओढ साधारण १४० किलोची. पारबकलने ती ७० वर आली. दोन माणसांत वाटली की प्रत्येकाला ३५. दोराचं पिंपावर जे घर्षण होतं त्याने आणखी थोडी कमी. यात मोटर नाही, दातेरी चाक नाही, आहे तो फक्त दोर. ज्या कुणी पहिल्यांदा हे केलं त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही. पण २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या जिलिओ बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जवळपास २९० मीटर लांबीचं प्रवासी जहाज खडकावर आपटून कलंडलं, तेव्हा २०१३ च्या सप्टेंबरमध्ये ते सरळ केलं गेलं ते याच रीतीने, आणि इंजिनिअरांनी तिला नावही तेच ठेवलं. दोराच्या जागी पोलादी केबल होत्या, माणसांच्या जागी जॅक होते.

ड्रेमन लोकांविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८५० च्या सप्टेंबरमध्ये हायनाऊ नावाचा ऑस्ट्रियन सेनापती लंडनला आला आणि सदर्कमधली बार्कले पर्किन्स ही अवाढव्य ब्रुअरी बघायला गेला. इटलीत आणि हंगेरीत उठाव मोडताना त्याने केलेली क्रूर कृत्यं, बायकांना दिलेले फटके, हे सगळं लंडनच्या कामगारांपर्यंत पोचलेलं होतं. ब्रुअरीतल्या ड्रेमननी त्याला ओळखलं आणि झाडू घेऊन मागे लागले. सेनापती रस्त्याने पळत एका पबमध्ये लपला. सदर्कमध्ये ब्रुअरीच्या जागी आज एक पाटी आहे. पिंपं उचलणाऱ्या हातांना जगात काय चाललंय ते नीट कळत होतं, हे मला त्या पाटीपुढे उभं राहिलं की फार भिडतं.

पिंप उतरवण्याच्या यंत्राचं सगळ्यात भव्य उदाहरण मात्र पबमध्ये नाही. ते लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनात होतं. मिडलंड रेल्वेला उत्तरेकडून लंडनमध्ये शिरताना रीजंट्स कालवा ओलांडायचा होता. रूळ कालव्यावरून आणले, त्यामुळे स्टेशन रस्त्याच्या पातळीपेक्षा बरंच उंच झालं. खालची पोकळी मातीने भरून टाकायची असं आधी घाटत होतं. विल्यम हेन्री बार्लो या इंजिनिअरने ती जागा वापरायचं ठरवलं, आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक समोरच होतं: बर्टन-अपॉन-ट्रेंटहून रेल्वेने येणारी बिअर. मग फलाटांखाली ओतीव लोखंडाच्या खांबांचं जंगल उभं राहिलं, आणि दोन खांबांमधलं अंतर ठरलं ते बिअरच्या पिंपांवरून. त्या मजल्याच्या सगळ्या मांडणीला पिंपाची लांबी हेच मूळ माप धरलं होतं, असं बार्लोनेच लिहून ठेवलं आहे. १८६८ साली स्टेशन सुरू झालं. वर ७३ मीटर रुंदीची, मधे एकही आधार नसलेली लोखंडी कमान. जगाने कौतुक केलं ते तिचं. पण त्या कमानीचे पाय फाकू नयेत म्हणून त्यांना बांधून धरणारे तुळयांचे पट्टे फलाटाच्या जमिनीत आहेत, आणि ती जमीन पेलणारे खांब पिंपांच्या हिशेबाने उभे आहेत. बिअरने भरलेल्या वाघिणी, अख्ख्या वाघिणी, हायड्रॉलिक लिफ्टने रुळांच्या पातळीवरून खाली सोडल्या जायच्या. ब्रामाच्या दट्ट्याचं हे मोठं झालेलं रूप.

आज त्याच खांबांमधून युरोस्टारचे प्रवासी बॅगा ओढत जातात. २००७ पासून तिथे प्रतीक्षालय आणि दुकानं आहेत. लंडनला येणाऱ्या मराठी मंडळींपैकी कितीतरी जण पॅरिसची गाडी पकडायला तिथे बसलेले असतात. त्यांना सांगावंसं वाटतं, जरा मान वळवून खांब बघा.

त्या काळी लंडनच्या रस्त्यांखाली एक वेगळीच व्यवस्था होती. लंडन हायड्रॉलिक पॉवर कंपनी घरगुती नळापेक्षा कितीतरी पट दाबाचं पाणी लोखंडी नळांतून शहरभर पुरवायची, ते पिण्यासाठी नसून यंत्रं चालवण्यासाठी. गोदामांच्या क्रेन, हॉटेलांच्या लिफ्ट, नाटकगृहातले रंगमंच त्यावर हलायचे. नळांचं जाळं एके काळी जवळजवळ ३०० किलोमीटरचं झालं होतं, आणि ही कंपनी १९७७ पर्यंत चालली. विजेच्या मोटरीने तिला हळूहळू मागे टाकलं.

पबच्या हॉइस्टकडे येतो. हाताने ओढायचा जो चेन ब्लॉक आपल्याकडे फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये लोंबकळत असतो, त्याचा पूर्वज एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात वेस्टन नावाच्या माणसाने बर्मिंगहॅमकडे रूढ केला. वर एकाच आसावर दोन चाकं, एक किंचित लहान. समजा मोठ्याला साखळीच्या दहा कड्यांचे खळगे आणि लहानाला नऊ. साखळी ओढली की मोठ्या चाकावर दहा कड्या वर येतात आणि लहानावरून नऊ खाली जातात. फरक एका कडीचा, आणि तोही दोन पदरांत वाटलेला. म्हणून पिंप एक मीटर वर न्यायला वीस मीटर साखळी ओढावी लागते. कागदावर शंभर किलोला पाच किलोचा जोर पुरायला हवा. प्रत्यक्षात दुपटीहून जास्त लागतो, कारण निम्म्याहून अधिक मेहनत साखळी आणि खळग्यांच्या घर्षणातच जाते.

नव्या इंजिनिअरला हे ऐकून वाईट वाटतं. निम्मी मेहनत वाया! पण या यंत्राचा जीव नेमका इथेच आहे. वर नेताना निम्म्याहून जास्त जोर घर्षण खात असेल, तर हात सोडल्यावर एकटं ओझं त्या घर्षणाला हरवू शकत नाही. पिंप जिथल्या तिथे लटकून राहतं. ब्रेक नाही, खिट्टी नाही, तरी खाली येत नाही. कार्यक्षमता वाढवायच्या नादात ते घर्षण काढून टाकलं तर वेगळा ब्रेक बसवावा लागेल. मला या शोधाबद्दल आदर वाटतो तो यासाठी. उचलायला तर बरीच यंत्रं येतात. थकलेल्या माणसाचा हात सुटला तरी ओझं न सोडणारं यंत्र करणं, ही खरी माया आहे.

विजेच्या हॉइस्टमध्येही तोच विचार वेगळ्या रूपात आहे. तिथल्या ब्रेकला वीज लागते ती उघडा राहण्यासाठी. वीज गेली की चुंबक सुटतो आणि स्प्रिंग ब्रेक आवळते. बिघाड झाला तर यंत्र थांबलेल्या अवस्थेत जाईल अशी रचना. अमेरिकेत एलायशा ओटिसने १८५०च्या दशकात लिफ्टला जी पकड बसवली, तिच्यातही हेच होतं: दोराचा ताण गेला की स्प्रिंग सरळ होते आणि दात रुळांत रुततात. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात तो स्वतः फळीवर उभा राहिला आणि दोर कापायला लावला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. त्याच्या पहिल्या लिफ्ट माणसांसाठी नव्हत्या, मालासाठी होत्या.

जुन्या मंडळींनी आणखी एक गोष्ट हेरली होती. पबमध्ये भरलेली पिंपं खाली जातात आणि रिकामी वर येतात. म्हणजे दिवसाचा हिशेब केला तर गुरुत्वाकर्षण आपल्याच बाजूचं. कप्पीच्या एका अंगाला भरलेलं पिंप आणि दुसऱ्या अंगाला रिकामं बांधलं, तर उतरणारं चढणाऱ्याला ओढून आणेल, आपण फक्त वेग आवरायचा. वेल्समध्ये स्लेटच्या खाणींतून दगडाच्या भरल्या वाघिणी अशाच उतारावरून खाली सोडत आणि त्यांच्या जोरावर रिकाम्या वर येत. मला यात आमच्या गावची मोट दिसते. बैल विहिरीपासून लांब जाताना धावेवर उतरत जायचे, त्यांच्या स्वतःच्या वजनाचा भार नाड्याला मिळायचा आणि भरलेली मोट वर यायची. चढ चढून परत येताना मोट रिकामी. धाव उताराची ठेवणाऱ्याने हाच हिशेब केलेला होता.

तपासणीत मी काय बघतो? साखळीच्या ठरावीक कड्यांची लांबी मोजतो, कारण झिजलेली साखळी लांबते. आकड्याचं तोंड फाकलंय का ते बघतो. पिंप अगदी वर आणि अगदी खाली पोचल्यावर मोटर आपोआप थांबते का, ब्रेक मधेच धरतो का, किती वजन चालेल त्याची पाटी वाचता येते का. तळघरात ओल असते, सांडलेली बिअर असते, फरशी रोज धुतली जाते. साखळीला गंज चढायला इतकं पुरे. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यांचीही भीती असते, तो वायू जड असल्याने खाली साठतो. १९९८ च्या ब्रिटिश नियमांप्रमाणे माल उचलणारं यंत्र वर्षातून एकदा आणि माणसं नेणारं यंत्र सहा महिन्यांतून एकदा कसून तपासायचं असतं. फूटपाथवरच्या झडपेसाठी वेगळा कायदा आहे, १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टचं १८० वं कलम. झडप सुस्थितीत ठेवणं मालकावर बंधनकारक आहे.

आणि माणसाच्या पाठीसाठी १९९२ चे नियम आहेत. त्यांत अमुक किलोच्या वर उचलायचं नाही अशी सक्त मर्यादा नाही. टाळता येईल तर हाताने उचलणं टाळा, नाही तर धोका तपासा, मग तो कमी करा, असा क्रम आहे. मार्गदर्शनासाठी जे आकडे दिलेत त्यात पुरुषाने कमरेच्या उंचीवर, अंगाशी धरून उचलायचं वजन २५ किलो आहे. सगळ्यात जास्त चालणारं भरलेलं फर्किन त्याच्या दुपटीहून जड असतं.

माझे काका मस्जिद बंदरात माथाडी होते. दोघांनी पोतं धरायचं, काकांनी डोक्यावर चुंबळ ठेवून वाकायचं आणि शंभर किलो साखर मानेवर घ्यायची. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांना मंडळात नोंद दिली, भविष्यनिर्वाह निधी दिला, दवाखाना दिला. त्यासाठी अण्णासाहेब पाटलांचं नाव ते हात जोडून घ्यायचे. मानेचे मणके मात्र तोवर गेले होते. तळघरात साखळी मोजताना काका आठवतात, आणि यंत्र असून वापरलं जात नसेल तर जीव तुटतो.

असे हॉइस्ट खूप असतात. ते ओळखायला विचारावं लागत नाही. शेजारची तिरपी घसरण आरशासारखी चकाकत असते आणि हॉइस्टच्या साखळीवर धूळ असते, तेल सुकलेलं असतं. कारण वेळ. हॉइस्ट सावकाश उतरतो, तसाच तो उतरायला हवा. घसरणीवरून पिंप क्षणात खाली जातं. ड्रेमनच्या हातातल्या यादीत पुढचे पब असतात, गाडी अरुंद रस्त्यात उभी असते, मागे भोंगे वाजत असतात. एकाने मला सरळच सांगितलं, "यंत्र उत्तम आहे, पण माझी फेरी ज्याने आखली त्याने ते बघितलेलं नाही." माझ्या अहवालाच्या नमुन्यात साखळीची झीज लिहायला जागा आहे. यंत्र वापरलं जातं का, हे लिहायला रकाना नाही. मी ते आता शेवटी शेऱ्यात लिहितो.

यॉर्कशरमधल्या एका पबच्या मालकीणबाईंनी तो शेरा वाचला आणि फोन करून विचारलं, मी यात काय करू शकते? मी म्हटलं, तुमचा पब फेरीत शेवटचा ठेवायला सांगून बघा, म्हणजे इथे तरी घाई होणार नाही. त्यांनी चिकाटीने पाठपुरावा करून ते करून घेतलं. पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा साखळीला ताजं तेल होतं, कड्यांवर झिजेच्या खुणा उमटायला लागल्या होत्या, आणि ड्रेमननी मालकीणबाईंकडे एक मागणी नोंदवली होती: हॉइस्ट टेकतो त्या कोपऱ्यात अंधार आहे, तिथे एक दिवा लावून द्या.